अंदमानात या बेटावरून त्या बेटावर जाताना ओळखपत्र कोणतं दाखवायचं? (नागपूरहून, म्हातारे आणि लेकरं धरून सात जण)

प्रतापनगरची सून

नमस्कार मंडळी. या हिवाळ्यात सगळं घर घेऊन अंदमानला निघालोय. सासऱ्यांना सेल्युलर जेल बघायचंय, लेकीला पाण्याखाली उतरायचंय आणि मला काही दिवस कुकरची शिट्टी ऐकायची नाहीये. नागपूर ते कोलकाता, तिथून पोर्ट ब्लेअर, मग बोटीने हॅवलॉक, हॅवलॉकहून नील, नीलहून परत. जमलंच तर एक दिवस बारातांग.

विमानाचं माहितीये. घोळ आहे तो बोटींचा. एजंट म्हणतो, "मॅडम, आधार ठेवा, बाकी काही लागत नाही." वरच्या मजल्यावरच्या काकू नुकत्याच जाऊन आल्या, त्या म्हणतात जेट्टीवर एकेकाचं कार्ड हातात घेऊन तिकिटाशी ताडून बघतात, लेकरांचंसुद्धा. आता आमच्या घरची कागदपत्रं ऐका. सासूबाईंच्या आधारवर त्यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव असं सगळं आहे. मतदार कार्डावर नुसतं नाव-आडनाव, तेही वेगळ्या स्पेलिंगचं. आणि एजंटाने तिकिटावर "सौ"सुद्धा घातलंय. माझं पॅन माहेरच्या आडनावाचं, आधार सासरच्या. मुलगी नववीत आहे, तिचं आधार आहे पण त्यावरचा फोटो बालवाडीतला. धाकटा तीन वर्षांचा, त्याचं आधार काढलेलंच नाही. नणंद अमेरिकेहून येतेय, तिच्याकडे तिकडचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते).

परमिट वगैरे लागतं का कोणाला? झेरॉक्स चालते का? फोनमधलं आधार?

तर्रीवाला

काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या ताई! आपलाच देश आहे. सगळ्यायच्या आधारच्या रंगीत झेरॉक्सा काढा, लॅमिनेट करा, झालं काम. आमच्या ग्रुपचं तर कोणी काहीच पाहिलं नव्हतं.

सोनेगाव विंडोसीट

तर्रीभाऊ, तुमचं नशीब जोरावर होतं. ताई, त्यांच्या भरवशावर सात माणसं घेऊन जाऊ नका.

पहिले परमिटचं. भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, रॉस, नॉर्थ बे, दिगलीपूर या नेहमीच्या जागांसाठी कोणतंही परमिट लागत नाही. फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र पुरतं. पण ते मूळ असावं. लॅमिनेट केली म्हणून झेरॉक्स मूळ होत नाही.

दुसरं, तिकिटांवर बेटांची नावं वेगवेगळी दिसतील, तेव्हा गडबडू नका. ३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम करण्यात आलं. एका तिकिटावर जुनं, दुसऱ्यावर नवं असं सर्रास होतं. आमच्यासोबतच्या एका काकांना वाटलं एजंटाने भलत्याच बेटाचं तिकीट काढून दिलं. त्यांनी जेट्टीवरून त्याला फोन लावला आणि काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

विमानतळावर काय चालतं ते सांगून ठेवतो, कारण बोटीवरही याच कार्डांवर काम होतं. पासपोर्ट, मतदार कार्ड, आधार किंवा एम-आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, नोकरीचं सरकारी ओळखपत्र, विद्यार्थ्याचं फोटोवालं ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो लावलेलं पासबुक, फोटोसह पेन्शनचं कार्ड, अपंगत्वाचं ओळखपत्र. सासरे पेन्शनर असतील तर त्यांच्याकडे आणखी एक पर्याय आहेच.

प्रतापनगरची सून

धन्यवाद दादा. पॅन विमानाला चालतं हे माहीत नव्हतं. पण माझं पॅन आणि तिकीट दोन वेगळ्या आडनावांचं, म्हणजे ते बादच ना?

सोनेगाव विंडोसीट

तिकीट ज्या नावाने, कार्ड त्याच नावाचं. तुमचं तिकीट सासरच्या आडनावाने असेल तर आधार दाखवा आणि पॅनला पर्समधून बाहेरच काढू नका. दोन कार्डं दाखवली की दोन आडनावं दिसतात आणि मग समोरचा बसतो चौकशी करत.

महालातला म्हातारा

मी पोस्टातून निवृत्त. शेवटची काही वर्षं आधारच्या काउंटरशेजारीच माझं टेबल होतं, त्यामुळे नावांचे हे तमाशे रोज पाहिले आहेत. सूनबाई, तुमच्या सासूबाईंचं प्रकरण हे आपल्या महाराष्ट्रातल्या अर्ध्या बायकांचं प्रकरण आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे नाव तीन मजली. स्वतःचं, मग वडलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव पहिले, मतदार यादीत आडनाव शेवटी, बँकेत मधलं नाव गायब. त्यात मराठीतून इंग्रजीत लिहिणारा ज्याच्या त्याच्या मनाने लिहितो. एकाच बाईच्या नावात इथे व्ही, तिथे डब्ल्यू, तिसरीकडे शेवटी एक ए जास्त. लिहिणारा घाईत, आणि घरी आल्यावर आपण वाचत नाही.

विमानाच्या तिकिटावर पहिलं नाव आणि आडनाव हे दोन रकाने महत्त्वाचे. आधारवर मधे नवऱ्याचं नाव आहे आणि तिकिटावर नाही, एवढ्यावरून देशातल्या प्रवासात कोणाला मागे पाठवल्याचं मी पाहिलं नाही. पण स्पेलिंग वेगळं असेल तर मात्र त्रास. तेव्हा ज्या कार्डाचं स्पेलिंग तिकिटाशी अक्षर न् अक्षर जुळतं तेच कार्ड हातात ठेवायचं. तुमच्या सासूबाईंचं आधार आणि मतदार कार्ड वेगळं आहे ना? मग तिकीट आधारप्रमाणे करून घ्या आणि मतदार कार्ड घरीच राहू द्या.

ते "सौ" आजच काढायला लावा. एजंट लोक फॉर्म भरताना आपण व्हॉट्सअॅपवर जे पाठवलं तेच चिकटवतात. किरकोळ दुरुस्ती बहुतेक विमान कंपन्या ग्राहक सेवेवर करून देतात, पण प्रवासाच्या आदल्या रात्री नाही. बोटीचं तिकीट अजून काढलं नसेल तर उत्तम, आधार समोर ठेवून टाइप करा.

आणि आधारमध्ये नाव दुरुस्त करायच्या भानगडीत आत्ता पडू नका. नाव बदलायची संधी जन्मात दोनदाच मिळते. आता घाईत एक वापरली, तीही चुकीच्या स्पेलिंगने, तर पुढे पंचाईत. लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो, तो काढून शांतपणे करा. सहलीसाठी तिकीट बदलणं सोपं आहे.

धरमपेठची मैना

काका, तुम्ही माझ्या आईचं सगळं आयुष्य एका परिच्छेदात लिहिलंत. 😄

तर्रीवाला

म्या तर पहिलेच सांगितलं, आधार ठेवा म्हणून. फक्त झेरॉक्स म्हटलं. एवढं काय त्यात!

समुद्रवेडी

मूळची नागपूरचीच, नवऱ्याच्या बदलीमुळे पोर्ट ब्लेअरला राहिलेली. बोटींचं सांगते.

बोटी दोन प्रकारच्या. सरकारी, म्हणजे डायरेक्टोरेट ऑफ शिपिंग सर्व्हिसेसच्या, तिथे सगळे डीएसएसच म्हणतात. आणि खाजगी: मॅक्रूझ, ग्रीन ओशन, नॉटिका वगैरे. खाजगी बोटी वातानुकूलित, हॅवलॉकला दीड-दोन तासांत पोहोचवतात. सरकारीला थोडा जास्त वेळ लागतो, भाडं बरंच कमी, आणि डेकवर उभं राहून वारा खाता येतो. माझं मत विचाराल तर एक फेरी तरी सरकारी बोटीने करा, मुलांना समुद्र दिसेल. खाजगीत काचेआड बसून मोबाइलच बघतात सगळे.

कागदांचा फरक असा. बुकिंग करतानाच प्रत्येक प्रवाशाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा तपशील भरावा लागतो. सरकारी बोटीवर स्थानिकांचं आणि पर्यटकांचं भाडं वेगळं आहे. स्थानिकांकडे आयलंडर कार्ड असतं, त्यावर त्यांना सवलत मिळते. म्हणून तिथला कर्मचारी कार्ड बघतो ते निव्वळ सुरक्षेपायी नाही, कोणत्या भाड्यात बसवायचं हेही त्याला बघायचं असतं. कोणी ओळखीचा म्हणाला की "माझ्या कार्डावर काढून देतो, स्वस्तात पडेल", तर हात जोडा. पकडलं तर बोट तुमच्याशिवाय सुटते.

फिनिक्स बे जेट्टीवर सामान स्कॅनरमधून जातं, मग तिकीट आणि कार्ड. सुटायच्या तासभर आधी पोहोचायचं. कुटुंबाचं एकच तिकीट असलं तरी रांगेत ज्याचं कार्ड त्याच्या हातात हवं. सगळ्यांची कार्डं बाबांच्या पाकिटात आणि बाबा मागे बॅगा उतरवतायत, हा देखावा मी कितीदा पाहिला असेल! मागची रांग ओरडते, पोर रडतं आणि आजी विचारतात, "काय झालं रे, सोडत नाहीत का?"

हॅवलॉकहून नीलला जाताना आणि नीलहून परतताना परत तेच. "एकदा दाखवलं की" असं म्हणून चालत नाही, प्रत्येक फेरी वेगळी.

हिंगण्याचा हौशी

लहान मुलाबद्दल कोणीच लिहिलं नाही. आमचा अनुभव: विमानात आईवडलांचं ओळखपत्र असलं की सोबतच्या लेकराला वेगळं विचारत नाहीत. पण हॅवलॉकला जाताना एका खाजगी बोटीच्या काउंटरवर बाईंनी आमच्या पोराचा पुरावा मागितला. वय किती, तिकीट कोणत्या दराचं, हे बघायचं होतं. आमच्याकडे जन्मदाखल्याचा फोनमधला फोटो होता, त्यावर बरीच हुज्जत होऊन सोडलं. तेव्हा मूळ जन्मदाखला न्याच.

महालातला म्हातारा

बरोबर. आणि वेळ असेल तर बाल आधार काढूनच घ्या, पुढे शाळेलाही लागणार. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार निळ्या रंगाचं असतं. बोटांचे ठसे नाहीत, डोळ्यांचं स्कॅन नाही, फक्त फोटो. जन्मदाखला आणि आई किंवा वडलांचं आधार, एवढ्यावर होतं. मुलाला सोबत न्यावं लागतं आणि ज्याचं आधार जोडायचं त्या पालकाला मशीनवर बोट ठेवावं लागतं. नोंदणीला पैसे लागत नाहीत. छापील कार्ड टपालाने यायला वेळ लागतो, पण नंबर तयार झाला की ई-आधार डाउनलोड करता येतं आणि ते तितकंच चालतं.

जन्मदाखला हरवला असेल तर महापालिकेच्या तुमच्या झोन ऑफिसातून निघतो. नाव आधी घालून घ्या. पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना रिकामाच असतो, कारण दाखला काढला तेव्हा बारसंच झालेलं नसतं. रिकाम्या नावाचा दाखला जेट्टीवर काय सिद्ध करणार?

मुलगी नववीत म्हणजे चौदा-पंधराची. तिच्या फोटोचं: पाचव्या वर्षी आणि पंधराव्या वर्षी बोटं-डोळे-फोटो नव्याने द्यावे लागतात. पाचव्या वर्षीचं केलेलं दिसत नाही. ते उरकून घ्या, बालवाडीतल्या फोटोवरून नववीतली मुलगी ओळखायला देवाचीच नजर लागेल. तोवर शाळेचं ओळखपत्र सोबत ठेवा, त्यावर यंदाचा फोटो असतो.

प्रतापनगरची सून

अगं बाई, दाखला काढून बघितला. खरंच नावाचा रकाना रिकामा आहे!!

धरमपेठची मैना

मला फोनमधल्या आधारचं विचारायचंय. आमच्याकडे सगळं डिजिलॉकरमध्येच असतं.

सोनेगाव विंडोसीट

डिजिलॉकरमधला कागद कायद्याने मूळ कागदासारखाच आहे, २०१६ चे नियम आहेत तसे. विमानतळावर काही अडचण नाही. पण तो ॲपमध्ये उघडून दाखवायचा. गॅलरीतला स्क्रीनशॉट म्हणजे डिजिलॉकर नव्हे. ई-आधारची पीडीएफ उतरवून ठेवलीत तर पासवर्ड पाठ करून ठेवा: नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. सासूबाईंच्या बाबतीत परत तेच स्पेलिंगचं कोडं, आधारवर जसं आहे तशीच चार अक्षरं.

समुद्रवेडी

फोनवर विसंबू नका. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली, साधारण २३०० किलोमीटरची, स्वराज द्वीपपर्यंत जोडलेली. त्याआधी सगळा कारभार उपग्रहावर होता, एक फोटो जायला चहा थंड व्हायचा. आता खूपच सुधारलंय. तरी जेट्टीवर दोनशे माणसं एकदम ॲप उघडायला लागली की चाक फिरतच राहतं. शिवाय दिवसभर फोटो काढून संध्याकाळच्या बोटीला बॅटरी संपलेली असते. प्लास्टिकचं किंवा कागदाचं कार्ड खिशात असू द्या. पाण्याच्या खेळांना जाताना ते हॉटेलवर, छोट्या झिपच्या पिशवीत.

तर्रीवाला

हे घ्या, मी माझं आधार टाकून राहिलो इथं, पाहा कसं लॅमिनेट केलं ते. एकदम फर्स्ट क्लास.

धागा-व्यवस्थापक

तर्रीवाला यांनी टाकलेला फोटो काढून टाकला आहे. कृपया कोणीही स्वतःच्या किंवा घरच्यांच्या कार्डांचे फोटो, नंबर, जन्मतारखा इथे टाकू नका. हे सगळ्या जगाला दिसतं.

तर्रीवाला

बाप्पा! चांगल्यासाठी टाकलं होतं.

धरमपेठची मैना

याच्यावरून आठवलं. हॉटेलात झेरॉक्स मागतात, तिथे मास्क केलेलं आधार द्या. पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. डाउनलोड करताना तसा पर्याय येतो.

सोनेगाव विंडोसीट

हॉटेलात हो. जेट्टीवर आणि विमानतळावर पूर्ण कार्डच दाखवा, तिथे कोणी झेरॉक्स ठेवून घेत नाही, बघून परत देतात.

डॉलरदेशी नागपुरी

ताई, नणंदेबद्दल लिहितो, आमच्या घरीही हाच प्रश्न आला होता. ओसीआय म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. प्रतिबंधित आणि संरक्षित क्षेत्रांच्या बाबतीत ओसीआयवाल्यांना परदेशी माणसासारखंच वागवतात, मार्च २०२१ च्या अधिसूचनेत ते स्पष्ट आहे. अंदमानातली नेहमीची पर्यटनाची बेटं २०१८ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी बरीच सैल केली गेली, काही देशांचे नागरिक वगळून. तरी पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी इमिग्रेशनचं टेबल असतं, तिथे नोंद करूनच बाहेर पडायचं. तिथे गर्दी असते, म्हणून तिला आधी पाठवा आणि तुम्ही बॅगा घ्या. बोटीचं बुकिंग करताना राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भारतीय लिहू नका आणि पासपोर्ट नंबर अचूक भरा. तिचं अमेरिकेचं ड्रायव्हिंग लायसन्स तिथे कामाचं नाही. पासपोर्ट आणि ओसीआय, दोन्ही मूळ.

आमच्याकडे हवाईला बेटाबेटांत विमानानेच जावं लागतं. होनोलुलूहून माउई अर्ध्या-पाऊण तासाचं उड्डाण. मोठी फेरी बोट होती, ती २००९ मध्ये बंद पडली. आता माउई-लानाईसारखी एखादीच राहिली आहे. इथे अमेरिकेत ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानालाही रिअल आयडी, म्हणजे नव्या नियमांत बसणारं ओळखपत्र, लागतं. आईबाबा आले तेव्हा त्यांचा भारतीय पासपोर्ट चालला, तो त्यासाठी पुरेसा आहे. अठराखालच्या मुलांना विचारतच नाहीत. नणंदेला सांगा, तिकडची सवय इकडे चालणार नाही.

प्रतापनगरची सून

हे फारच कामाचं. ती म्हणत होती, "वहिनी, माझं लायसन्स आहे ना!" तिला हा धागाच पाठवते.

सदरचा सायकलवाला

निकोबारचं काय? मला इंदिरा पॉइंट करायचाय. भारताचं दक्षिण टोक.

समुद्रवेडी

पर्यटनासाठी निकोबार बंदच समजा. तिथे जायला ट्रायबल पास लागतो, तो तिथे काम असलेल्या माणसाला मिळतो. १९५६ चा आदिवासी संरक्षणाचा नियम आहे आणि तो कडक पाळला जातो. अंदमान आणि निकोबारच्या मध्ये दहा अंश खाडी आहे, नकाशावर बोटभर दिसते, पण प्रत्यक्षात दीडशे किलोमीटरच्या घरात समुद्र आहे. कोणी एजंट पास काढून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

याच नियमामुळे बारातांगचा दिवस वेगळा असतो. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. पहाटे तीन-साडेतीनला हॉटेलातून निघावं लागतं, जिरकाटांगच्या चौकीवर गाड्यांची रांग लागते. तिथे प्रत्येक गाडीतल्या प्रवाशांची नावं आणि ओळखपत्राचे तपशील फॉर्मवर भरून द्यायचे. बहुतेक वेळा ड्रायव्हरच करतो. त्याला आदल्या संध्याकाळीच सगळ्यांचे तपशील देऊन ठेवा, पहाटे अंधारात मोबाइलच्या उजेडात बारा-बारा अंक वाचून दाखवत बसायला नको. मग पोलिसांच्या सोबतीने गाड्यांचा ताफा सुटतो. मधे थांबायचं नाही, काचा खाली करायच्या नाहीत, फोटो नाही, खायला द्यायचं नाही. तुरुंगवासाची शिक्षा आहे. ताफा चुकला तर पुढच्याची वाट बघत तिथेच चहाच्या टपरीवर. पुढे मिडल स्ट्रेटहून पलीकडे बारातांगला बोटीने, तिथून खारफुटीतून चुनखडीच्या गुहा.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? गुहेपर्यंत चालणं आहे, दमट उन्हात. खरं सांगू? तीन वर्षांचं पोर आणि म्हातारी माणसं घेऊन मी बारातांग करणार नाही. त्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे करा. नॉर्थ बेचा दीपगृह जुन्या लाल वीसच्या नोटेवर होता, सासऱ्यांना नोट दाखवून दृश्य जुळवायला मजा येईल.

हिंगण्याचा हौशी

बरं, याच्याच जोडीला: आम्ही पुढच्या वेळी लक्षद्वीप बघतोय. तिथेही आधारवर भागतं का?

सोनेगाव विंडोसीट

नाही. तिथलं गणित पार वेगळं. भारतीय असलात तरी प्रवेश परवाना लागतो, १९६७ चे नियम आहेत. छत्तीस बेटांपैकी दहांवर वस्ती, आणि परवान्यावर तुम्ही कोणत्या बेटांवर जाणार ते लिहिलेलं असतं. अगत्तीचा परवाना घेऊन कदमतला उतरता येत नाही. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखलाही मागतात. तो महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर अर्ज करून मिळतो, मग तुमच्या पोलीस ठाण्यातून फोन येतो, जाऊन कागद दाखवायचे. बेटावर उतरल्यावर परवाना तिथल्या पोलीस ठाण्यात दाखवायचा. सरकारी पर्यटनाचं पॅकेज घेतलं तर परवान्याचं बरंचसं ते बघतात, स्वतःच्या जिवावर जायचं तर तिथला यजमान लागतो. अगत्तीला विमान कोचीहून मिळतं, जहाजंही बहुतेक कोचीहूनच. दाखल्याला लागणारा वेळ धरूनच तिकीट काढा.

तर्रीवाला

म्हणजे अंदमानले आधार, लक्षद्वीपले पोलीस ठाणं. आपली घारापुरीच बरी. गेटवेवर तिकीट काढा, बोटीत बसा, कोणी नाव विचारत नाही.

प्रतापनगरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आजची प्रगती: एजंटाने "सौ" काढलं, सासूबाईंचं स्पेलिंग आधारप्रमाणे केलं. थोडी कुरकुर केली, पण केलं. उद्या सकाळी झोन ऑफिसला जाऊन दाखल्यात नाव घालायचा अर्ज, ते हातात आलं की बाल आधार. लेकीला शनिवारी आधार केंद्रात नेते, तिची अट आहे की केस मोकळे सोडूनच फोटो काढणार. बारातांग रद्द. सासरे जरा खट्टू झाले, पण वीसची जुनी नोट त्यांच्याच कपाटात निघाली.

एक शेवटचं. परतताना शंख-शिंपले आणले तर चालतात का? लेकीने आत्तापासून यादी केलीये.

समुद्रवेडी

किनाऱ्यावरून उचललेलं काहीही नाही. पोवळ्याचा मेलेला तुकडासुद्धा नाही, पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पोर्ट ब्लेअर विमानतळावर बॅगा याच्यासाठी बारकाईने बघतात, पोरांच्या खिशातले शिंपलेही काढून घेतात. घ्यायचेच असतील तर सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि बिल मागून घ्या. ते बिल चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पर्समध्ये ठेवा.

धागा-व्यवस्थापक

लक्षद्वीपच्या परवान्याचे प्रश्न वाढले आहेत, त्यासाठी वेगळा धागा उघडला आहे. हिंगण्याचा हौशी, तुमचा प्रश्न तिकडे हलवला. हा धागा अंदमानापुरताच ठेवूया.